प्रवाशाचे भय

प्रवास माणसाला शहाणे करतो, असे म्हणतात. ते खरेच आहे. परंतु शहाणे करण्यापूर्वी तो त्याला थोडे भित्रेही करतो. घरच्या अंगणात निघालेल्या विंचवाला चपलेच्या एका फटक्याने गारद करणारा माणूस परमुलखात गेला, की गवताची काडी हलली तरी दचकतो. ओळखीचे संकट लहान वाटावे आणि अनोळखी संकट डोंगराएवढे वाटावे, हा मनुष्यस्वभावच आहे. शिवाय घरी परतल्यावर प्रवाशाला आपली हकीकत सांगावयाची असते. ‘गेलो आणि सुखरूप परत आलो,’ एवढेच सांगितले, तर ऐकणारे जांभया देऊ लागतात. म्हणून प्रवाशाच्या गोष्टीतील साप मुळात हातभर असला, तरी दर सांगण्यागणिक तो वीतभर वाढतो.

अमेरिकेचे प्रसिद्ध विनोदी लेखक मार्क ट्वेन १८९५ साली ऑस्ट्रेलियात गेले होते. १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्यांनी सिडनीच्या समुद्रातील शार्क माशाची एक अचाट कथा सांगितली आहे. लंडनकडच्या पाण्यात एका शार्कने वर्तमानपत्र गिळले आणि तो पोहत पोहत थेट सिडनीस आला. तेथे एका तरुणाच्या गळाला तो लागला. माशाच्या पोटातून निघालेले ते वर्तमानपत्र आगबोटीने येणाऱ्या टपालापेक्षा कितीतरी ताजे होते! त्यातील बातमी इतरांच्या आधी कळल्यामुळे तो तरुण व्यापारात गबर झाला. ही कथा खोटी आहे, हे सांगणाऱ्याला ठाऊक आणि ऐकणाऱ्यालाही ठाऊक. परंतु नरभक्षक म्हणून ज्याच्या नावाने लोक थरथर कापत, त्या माशाला टपालवाला करून ट्वेन यांनी लोकांच्या भयालाच हसवले.

ऑस्ट्रेलिया हा देश तेव्हापासून आजपर्यंत प्रवाशांच्या भीतीचे माहेरघर होऊन बसला आहे. तिकडे जावयास निघालेल्या नवख्या प्रवाशाला स्नेही आणि सोयरे निरोपाच्या वेळी उपदेशच अधिक देतात. “बुटात कोळी असतात, गवतात साप असतात, नदीत मगरी असतात आणि समुद्रात तर पायच घालू नये!” हे ऐकून प्रवासी मनाशी विचार करतो, की जमिनीवर चालावयाचे नाही आणि पाण्यात उतरावयाचे नाही, तर मग त्या देशात राहावयाचे तरी कोठे? झाडावर?

परंतु झाडाखाली उभे राहण्याचीही त्याला सोय नसते. कारण तेथील मिष्कील रहिवासी त्याला गंभीर चेहऱ्याने ‘ड्रॉप बेअर’ नावाच्या प्राण्याची माहिती देतात. हा प्राणी म्हणे दिसावयास कोआलासारखा, पण मांसाहारी. तो झाडाच्या शेंड्यावर दबा धरून बसतो आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यावर धपकन उडी टाकतो. त्याला दूर ठेवण्याचा उपाय कोणता? तर व्हेजिमाइट नावाचा, तेथील लोक पावाला लावून खातात तो काळा, खारट लगदा कानामागे चोपडावा! भोळा प्रवासी हे ऐकून खरोखरच मान वर करून चालू लागतो व वाटेतल्या दगडाला ठेचकाळतो. असा प्राणी जगात कोठेच नाही. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्यूझियम या नामांकित संग्रहालयानेही या थट्टेत सामील होऊन ड्रॉप बेअरची खोटी शास्त्रीय माहिती मोठ्या रीतसर दिली आहे. खरा कोआला निलगिरीची पाने खाणारा आणि दिवसाचा बहुतेक काळ झोपेत घालवणारा निरुपद्रवी जीव आहे. तो अस्वलाच्या कुळातलासुद्धा नाही.

मात्र सगळेच भय असे थट्टेचे नाही. सिडनी शहराच्या परिसरात नरसाळ्यासारखे जाळे विणणारा एक काळा, तकतकीत कोळी आढळतो. त्याला फनेल-वेब असे म्हणतात. त्याच्या नराचे विष अत्यंत जहाल असते. ‘रेडबॅक’ नावाचा दुसरा कोळी आकाराने लहान. पण त्याच्या मादीच्या काळ्या पाठीवर तांबडा पट्टा असतो. पूर्वी घरामागच्या शौचकूपांत बैठकीखाली जाळे विणण्याची त्याला मोठी आवड होती. तेथे येणाऱ्या माणसाचे स्वागत तो कसे करीत असेल, याची कल्पना करणेच बरे! परंतु रेडबॅकच्या विषावर १९५६ साली आणि फनेल-वेबच्या विषावर १९८१ साली प्रतिविष उपलब्ध झाले. फनेल-वेबच्या दंशाने त्यानंतर एकही मृत्यू झालेला नाही. हे प्रतिविष तयार करण्यासाठी जिवंत कोळ्यांचे विष लागते. म्हणून सिडनीच्या उत्तरेस असलेले एक प्राणिउद्यान लोकांना असे आवाहन करते, की घरात फनेल-वेब दिसला तर तो मारू नका. काळजीपूर्वक बरणीत घालून आमच्याकडे आणून द्या. परका प्रवासी ज्याला पाहून पलंगावर चढतो, त्याच कोळ्याला तेथील जाणता गृहस्थ बरणीत घालून मोटारीतून पोहोचवावयास निघतो!

सापांची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात राहणारा तायपन जगातील सर्वांत जहाल विषाचा भूचर साप मानला जातो. प्रयोगशाळेत उंदरांवर केलेल्या चाचण्यांवरून हे ठरले आहे. तेव्हा सर्वांत अधिक माणसे त्याच्यामुळे मरत असतील, असे कोणासही वाटेल. परंतु तसे नाही. तो लाजाळू आहे व माणसांच्या वस्तीपासून फार दूर राहतो. त्यामुळे त्याची आणि माणसाची गाठच क्वचित पडते. याउलट, शेतातील उंदरांच्या मागे माणसाच्या दाराशी येणारा तपकिरी साप तेथे अधिक प्राणघातक ठरतो. तात्पर्य, केवळ विष किती जहाल आहे यावर धोका अवलंबून नसतो. तो प्राणी कोठे राहतो, माणसाच्या वाटेत किती वेळा येतो आणि त्यावर उपाय जवळ आहे की नाही, यावरून धोक्याचे माप ठरते.

या मापाने पाहिले, तर उत्तर ऑस्ट्रेलियातील पाणी मात्र खरोखर जपून वागावे असे आहे. तेथील खाऱ्या पाण्यातील मगर हा पृथ्वीवरील सर्वांत मोठा सरपटणारा प्राणी होय. तिचा नर सहा मीटरपर्यंत वाढू शकतो. नावात ‘खारे पाणी’ असले, तरी ती गोड्या पाण्याच्या नद्यांतूनही खुशाल संचार करते. ती दिसावयास सुस्त. परंतु तिची पाळत मोठी पक्की असते. एखादा माणूस रोज त्याच जागी पाण्याशी येतो, हे तिच्या ध्यानात येऊ शकते. म्हणून तेथील लोक पाण्याच्या काठापासून दूर राहतात आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा जात नाहीत. नद्यांच्या काठी मगरीचे चित्र काढलेले इशाऱ्याचे फलक लावलेले असतात. काही प्रवासी त्या फलकाला टेकून स्वतःचे छायाचित्र काढून घेतात व नंतर पाय धुण्यासाठी पाण्याकडे वळतात. अशा माणसाला वाचवणारे प्रतिविष अद्याप कोणी शोधून काढलेले नाही!

समुद्रातील बॉक्स जेलीफिश हा जीव तर जवळजवळ पारदर्शक असतो. पाण्यात पाणी मिसळावे तसा तो दिसेनासा होतो. त्याच्या लांबलचक तंतूंचा स्पर्श काही मिनिटांत प्राण घेऊ शकतो. १९५५ साली क्वीन्सलँड प्रांतातील कार्डवेल येथे एक पाच वर्षांचा मुलगा समुद्रात खेळत असताना अशाच दंशाने दगावला. त्या वेळी ह्यूगो फ्लेकर नावाच्या डॉक्टरांनी पोलिसांकरवी त्या जागी जाळी टाकवली आणि हा अज्ञात मारेकरी शोधून काढला. त्या जातीच्या शास्त्रीय नावात आज फ्लेकर यांचे नाव आहे. शत्रू ओळखीचा झाल्यावर उपायही सुचू लागले. किनाऱ्यावर शिरक्याच्या बाटल्या ठेवण्याची प्रथा पडली. कारण शिरका ओतला असता त्वचेला चिकटलेल्या तंतूंतील उरलेल्या विषाच्या कुप्या फुटत नाहीत. पोहण्याच्या जागांभोवती जाळी बांधण्यात आली. या जेलीफिशचा डंख पातळ कापडातूनही आत जात नाही, असे समजल्यावर तेथील धिप्पाड जीवरक्षक चक्क स्त्रियांचे नायलॉनचे लांब मोजे अंगभर चढवून समुद्रात उतरू लागले. पाहणाऱ्यांना हसू येई. परंतु ज्या हास्याने प्राण वाचतो, ते हास्य कोणास नको आहे?

इतकी सगळी सावधगिरी शिकून प्रवासी शहरातील रस्त्यावर निर्धास्तपणे सायकल चालवू लागतो, तोच मागून एक पक्षी त्याच्या कानावर झडप घालतो! हा मॅगपाय. वसंत ऋतूत घरट्यात पिले असताना काही नर मॅगपाय वाटसरूंना शत्रू समजतात. त्यांना चुकवण्यासाठी सायकलस्वार शिरस्त्राणावर साळिंदराच्या काट्यांप्रमाणे प्लॅस्टिकच्या पट्ट्या उभ्या करतात; काहीजण टोपीच्या मागच्या बाजूस मोठे डोळे रंगवतात. मगरीच्या देशात मगरीला न भिणारी माणसे एका काळ्यापांढऱ्या पाखराला भिऊन रस्ता बदलतात. बिचाऱ्या पक्ष्याचा हेतू एवढाच, की आपल्या पिलांना कोणी हात लावू नये.

आता प्रश्न असा, की एवढ्या भयंकर जिवांच्या या देशात माणसे खरोखर कशाने मरतात? २००० ते २०१३ या काळातील नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा जे उत्तर मिळाले ते मोठे मजेदार होते. या वर्षांत सर्पदंशाने २७ माणसे दगावली. मधमाश्या व गांधीलमाश्या यांच्या दंशानेही २७ माणसेच दगावली. कारण काहींच्या शरीराला ते विष मुळीच सोसत नाही. कोळ्यांमुळे या काळात एकही मृत्यू झाला नाही. आणि घोड्यांमुळे? ७४! म्हणजे ज्याला पाहून प्रवासी आनंदाने मान थोपटावयास धावतो, त्या घोड्यावरून पडून किंवा त्याच्या लाथेने सापापेक्षा अधिक माणसे प्राणास मुकली. तरीही ‘जपून राहा, त्या देशात घोडे आहेत!’ असा निरोपाचा उपदेश कोणीही करत नाही.

गंमत अशी, की याच घोड्याचे माणसावर फार मोठे उपकारही आहेत. सापाचे विष अगदी अल्प प्रमाणात घोड्याला टोचतात व ते प्रमाण हळूहळू वाढवत नेतात. घोड्याचे शरीर त्या विषाशी झुंजण्यास शिकते आणि त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी द्रव्ये तयार होतात. ती वेगळी काढून, शुद्ध करून प्रतिविष बनवतात. पण या सर्व खटाटोपाच्या आरंभी एक गोष्ट लागते: जिवंत सापाचे विष. ते कोणी आणावयाचे?

या प्रश्नाचे उत्तर केव्हिन बडन या तरुणाने दिले. तो सिडनीचा राहणारा, वय अवघे वीस वर्षांचे. त्या काळी किनारपट्टीवर आढळणाऱ्या तायपन सापाच्या विषावर उपाय नव्हता. कारण संशोधकांच्या हाती जिवंत तायपन लागलाच नव्हता. तो मिळवण्यासाठी बडन उत्तरेस केर्न्स या गावी गेला. २७ जुलै १९५० रोजी त्याला तायपन सापडला. त्याने तो पकडला आणि हातात धरूनच एका मालमोटारीतून तो एका जाणकार निसर्गअभ्यासकाच्या घरी गेला. ‘हा तायपनच,’ अशी खात्री पटली. परंतु साप पिशवीत घालत असताना तो निसटला व बडनच्या हाताला डसला. आपल्यावर उपाय नाही, हे त्या तरुणाला ठाऊक होते. तरीही त्याने सापाला मारू दिले नाही. तो संशोधनासाठी पाठवलाच पाहिजे, असा आग्रह धरला. दुसऱ्या दिवशी बडनचे प्राणोत्क्रमण झाले. साप मात्र जिवंत मेलबर्नला पोहोचला व त्याचे विष संशोधकांना मिळाले. १९५५ साली तायपनच्या विषावरील प्रतिविष तयार झाले. आणि त्याच वर्षी केर्न्समधील एका दहा वर्षांच्या शाळकरी मुलाचा जीव त्या औषधाने वाचला. ज्या गावात एका तरुणाने प्राण दिले, त्याच गावात एका बालकाला प्राण लाभले.

बडनची गोष्ट कळली, की ड्रॉप बेअरला भिणाऱ्या प्रवाशाचे हसू येते. त्याचबरोबर धोका खरा असतो, तेथे हसण्यावारी नेणे हाही मूर्खपणा आहे, हेही कळते. बडनला भय वाटत नसेल, असे नाही. परंतु भयापेक्षा त्याची जिज्ञासा आणि माणुसकी मोठी होती.

परदेशातील या गोष्टी वाचताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. भारतात येणारा परकीय प्रवासी आपल्या रस्त्यांवर पावलोपावली साप असतील, या कल्पनेने दबकतो आणि आपण त्याला हसतो. परंतु आपले हसू येथे थोडे आवरावे. एका मोठ्या पाहणीच्या अंदाजाप्रमाणे २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सुमारे ५८,००० माणसे सर्पदंशाने मरण पावली. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील साप ऑस्ट्रेलियाच्या तायपनइतके जहाल नाहीत. मग हा फरक कशाने पडतो? आपला शेतकरी अनवाणी शेतात जातो; अंधारात दिव्याशिवाय बांधावरून चालतो; जमिनीवर झोपतो; आणि दंश झाल्यावर पहिली धाव पुष्कळदा रुग्णालयाकडे नव्हे, तर मांत्रिकाकडे घेतो. हाफकिनसारख्या आपल्या संस्थेनेही दीर्घकाळ घोड्यांच्या साहाय्याने प्रतिविष तयार केले आहे. परंतु औषध रुग्णालयात आणि रोगी मांत्रिकाच्या दारी, अशी स्थिती असेल तर औषधाने काय करावे?

ज्ञानाने हे चित्र पालटता येते, याचा पुरावाही आपल्याच महाराष्ट्रात आहे. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी पुष्कळ मुले दगावत. रायगड जिल्ह्यात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रोग्यांच्या उशाशी रात्रंदिवस बसून त्यांच्या हृदयावर होणारा परिणाम बारकाईने अभ्यासला. रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे औषध या दंशावर गुणकारी ठरते, असे त्यांना आढळले. पूर्वी गंभीर दंश झालेल्या शंभरांपैकी सुमारे चाळीस रोगी मरत. या उपचारानंतर ते प्रमाण शंभरात एखाद्यावर आले. २०२२ साली भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. विंचू होते तेथेच राहिले. मरण तेवढे मागे हटले.

भय आणि सावधगिरी ही दोन भावंडे दिसावयास सारखी. पण त्यांचे स्वभाव अगदी निराळे आहेत. भय डोळे मिटून पळत सुटते; सावधगिरी डोळे उघडून पाऊल टाकते. भय दिसेल तो साप ठेचते. सावधगिरी बिनविषारी धामणीला शेताची राखणदार म्हणून जाऊ देते. भय मांत्रिकाचे दार ठोठावते. सावधगिरी दंश झालेला अवयव न हलवता रोग्याला तातडीने रुग्णालयात नेते. प्रवासाला निघताना पेटीत भरलेले भय प्रवाशाने खुशाल तेथेच सोडून यावे. परतताना त्या जागी माहिती भरून आणावी. तिचे ओझे होत नाही आणि ती घरीही उपयोगी पडते.

स्वाध्याय

१. मार्क ट्वेन यांच्या कथेतील शार्क माशाला ‘टपालवाला’ का म्हटले आहे?
२. सर्वांत जहाल विषाचा साप सर्वांत प्राणघातक का ठरत नाही, ते पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. घोडा हा माणसाच्या दृष्टीने धोकादायक आणि उपकारकही कसा आहे?
४. केव्हिन बडनने सापाला मारू दिले नाही. त्याच्या या निश्चयाचा पुढे कोणता लाभ झाला?
५. भय आणि सावधगिरी यांतील फरक दाखवणारा, तुमच्या गावात घडलेला एखादा प्रसंग दहा ओळींत लिहा.